खांब उंच, पाणी खोल



या पानावर मी एरवी वापसा, फवारणी, कांद्याचं रोप, असलंच लिहितो. आज आकड्यांबद्दल लिहायचंय. खरं म्हणजे आकडे चित्रात कसे मांडायचे याबद्दल. तुम्ही म्हणाल, दहावी पास माणसाला हे कुठून सुचलं? सुचलं नाही. ४० हजार रुपये आणि एक एकर कांदा घालवून शिकलो. कृषी सहायक, कॉलेजची पोरं आणि शास्त्रज्ञ मंडळी हे पान वाचतात, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावं.

आमचं गाव नगर-बीडच्या हद्दीवरचं. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. वर मुरमाड माळ, मधी काळी पट्टी, खाली ओढा. माझी विहीर मधल्या पट्टीत, दहा परस खोल. नव्या पोरांना परस माहीत नसतो म्हणून सांगतो, परस म्हणजे उभ्या माणसाएवढं माप. आम्ही सहा फूट धरतो.

२०१८ ची गोष्ट. पावसानं ऑगस्टातच पाठ फिरवली, परतीचा आलाच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माझ्या विहिरीत तेव्हा तळाशी पाणी होतं, तास-दीड तास मोटर चालायची. कांद्याचं रोप टाकून बसलेलो. लावायचा का मोडायचा, हा घोर.

त्याच दिवसांत पंचायतीच्या भिंतीवर एका प्रकल्पाचा मोठा रंगीत फलक लागला होता. वर लिहिलेलं ‘भूजल पातळी, मीटर’. खाली तीन निळे खांब. २०१६ चा खांब ३, २०१७ चा साडेचार, २०१८ चा ९. खांब असे एकापेक्षा एक उंच, पायरीसारखे.

मी आणि अजून दोघं तिथं उभे होतो. एक जण म्हणाला, “बघ की, वरून पाऊस नाही पण खाली पाणी वाढतंयच.” मीपण मान हलवली. दहावीला मला भूमितीत चांगले मार्क होते, मला कळत नाही असं कसं म्हणायचं? निळा खांब उंच, म्हणजे पाणी जास्त. सरळ गोष्ट.

त्या आठवड्यात पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा धरून वावरातून चक्कर मारली. बांधाच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. बोअर मी नुसता फलक बघून घेतला असं नाही, नारळानं जागा दाखवली. पण मन पक्कं झालं ते त्या खांबांनी. सरकारी आकडाच सांगतोय खाली पाणी आहे म्हणल्यावर भीती कसली? घरच्यांच्या पाटल्या बँकेत ठेवल्या आणि गाडी बोलावली.

४२० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. गाडीवाल्यानं विचारलं, “आबा, अजून घालू का?” मी हातानंच नको म्हणलं. बोअर, केसिंग, सगळं मिळून ४० हजारांच्या पुढं गेलं. कांदा तोवर लावून झालेला होता. जानेवारीत विहीर आटली, फेब्रुवारीत कांदा पोसायच्या आधीच पात पिवळी पडली. उन्हाळ्यात जनावरं छावणीला आणि आम्ही टँकरच्या रांगेत.

मे महिन्यात एक साहेब फीत घेऊन विहिरी मोजायला आले. आमच्या विहिरीशेजारच्या आडात फीत सोडली आणि वहीत लिहिलं. मी सहज विचारलं, “साहेब, हे मीटर कुठून मोजता?” ते म्हणाले, “जमिनीपासून खाली. पाणी किती खोल आहे ते.”

मी गप उभा राहिलो. म्हणजे ३ मीटर म्हणजे पाणी वर, हाताशी. ९ मीटर म्हणजे पाणी खोल गेलं. खांब जेवढा उंच, तेवढं पाणी खोल. फलकानं मला तीन वर्षांची घसरण दाखवली होती, मी ती चढण म्हणून वाचली. ज्यांनी फलक लावला त्यांचा आकडा खरा होता, माप खरं होतं, हेतू पण चांगला होता. फक्त काढणाऱ्यानं खोली वर दाखवली, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला वर म्हणजे भरपूर असंच कळतं. कणगी भरली की धान्य वर येतं, हौद भरला की पाणी वर येतं. आमचा डोळा असाच घडलेला आहे.

त्या रात्री झोप आली नाही. पाटल्यांचं दुःख होतंच, पण एक गोष्ट जास्त टोचत होती. नारळ उभा राहिला म्हणजे पाणी, हे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही कळतं. नारळ खोटा असला तरी त्याचं बोलणं स्पष्ट. फलक खरा होता, पण त्याचं बोलणं आम्हाला कळलं नाही. खऱ्याला नीट बोलता आलं नाही की माणूस खोट्याकडं जातो. मग नुसतं पाणाड्याला नावं ठेवून काय उपयोग?

हे मी आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मग तू काढून दाखव की.” तिथून सुरुवात झाली.

पहिला प्रश्न, कुठं काढायचं? पंचायतीत माणूस दाखला काढायला वर्षातून चारदा जातो. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ जातो, आणि कॅन रिकामं होईस्तोवर दहा मिनिटं उभा राहतो. त्या दहा मिनिटांत बिडी, राजकारण किंवा मोबाईल. म्हणून डेअरीची भिंत घेतली.

दुसरा प्रश्न, काय काढायचं? खांब नको म्हणलं, विहीरच काढू. उभी चिरलेली विहीर. दहा फूट उंच, एक फूट म्हणजे एक परस. तळाला गाळ, कडेला पायऱ्या, वर काठावर उभा माणूस. प्रत्येक परसाला एक खिळा ठोकला. पत्र्याच्या निळ्या पट्ट्या केल्या, एक पट्टी म्हणजे एक परस पाणी. पाणी उतरलं की वरची पट्टी काढायची, चढलं की लावायची. चौथीतल्या पोरालाही जमतं, आणि दरवेळी रंगाचा डबा लागत नाही.

मोजायचं माप म्हणजे सुताच्या दोरीला दगड आणि दर परसाला गाठ. दिवस अमावस्येचा. तारीख कुणाच्या ध्यानात राहत नाही, अमावस्या राहते. आणि वेळ पहाटेची, मोटर चालू करायच्या आधीची. रात्रीची लाईट असेल तर मोटर बंद होऊन पाणी स्थिर होईस्तोवर थांबायचं. नाहीतर उपसलेल्या विहिरीचं पाणी मोजून आपणच आपल्याला फसवतो.

गुरुजींनी पहिल्यांदा जागा वाचवायला विहिरीचे खालचे चार परस काढलेच नव्हते. म्हणाले, तिथं तसंही कायम पाणी असतं. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा भिंतीपुढं उभा राहून ओरडला, “आरं, तळ कुठाय हिचा? माझा गाळ कुठं गेला?” त्याचं बरोबर होतं. खालचं कापलं की दोन परसाचा उतार अर्धी विहीर आटल्यासारखा दिसतो. लोक उगाच घाबरतात, आणि दोनदा उगाच घाबरले की तिसऱ्यांदा खरं असलं तरी बघत नाहीत. गुरुजींनी भिंत धुतली आणि तळापासून विहीर काढली.

अजून एक गोष्ट गावानंच शिकवली. नुसती आजची पातळी लावली तर लोक म्हणायचे, “बरं मग?” पाच परस पाणी चांगलं का वाईट, हे कसं कळायचं? म्हणून दोन खुणा वाढवल्या. एक पांढरी रेघ, गेल्या साली याच अमावस्येला पाणी कुठं होतं ती. एक काळी रेघ, २०१९ च्या उन्हाळ्यात कुठं होतं ती. काळी रेघ तळाला टेकलेली आहे. तिच्याकडं बघितलं की कुणी काही विचारत नाही. एकटा आकडा मुका असतो, शेजारी ओळखीचा आकडा ठेवला की बोलायला लागतो.

रंगाचंही ऐका. आम्ही आधी लाल-हिरवं करणार होतो. आमच्यातल्या एकाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हा दोष बायांपेक्षा पुरुषांत जास्त असतो असं लेकीनं सांगितलं, ती कृषी पदवीला आहे. आणि लाल रंगाचा अर्थ तरी सगळीकडं एक कुठाय? मोबाईलवर पावसाचे दोन नकाशे फिरतात. इशाऱ्याच्या नकाशात लाल म्हणजे फार पाऊस येणार. सरासरीच्या नकाशात लाल म्हणजे पाऊस कमी पडला. एकाच दिवशी दोन्ही नकाशे एकाच गटावर आले की माणूस छत्री शोधावी का टँकर, या विचारात पडतो. रंगाच्या शेजारी दोन शब्द लिहिले तर काय बिघडतं?

आता चूक सांगतो. फलकाची चूक सांगितली, मग माझी का लपवू?

पहिल्या वर्षी मला फार चेव आला होता. एका विहिरीवर भागेना, म्हणून गावातल्या १४ विहिरींचा नकाशा काढला. प्रत्येक विहिरीशेजारी मालकाचं नाव. पाणी खाली गेलं की लाल ठिपका. बोअर असेल तिथं काळा ठिपका आणि बोअरची फुटं. लेकीनं मला लंडनची गोष्ट सांगितलेली होती. १८५४ साली तिथं पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरानं कुठल्या घरात किती माणसं मेली ते नकाशावर मांडलं, आणि बरेच मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या एका हापशाभोवती होते असं दिसलं. हापशाचा दांडाही काढून टाकला. मला ती गोष्ट डोक्यात बसली. म्हणलं, आपणही दाखवू पाणी कुठं चाललंय.

दिसलंच की. तीन लाल ठिपके आणि त्यांच्या मधोमध दोन काळे. ते दोन बोअर माझ्या चुलत भावाचे, पाचशे-पाचशे फुटांचे, आणि शेजारी त्याचा दीड एकर ऊस. मी कुणालाही काही म्हणलं नव्हतं, नुसते ठिपके दिले होते. पण डेअरीवर दुसऱ्या दिवसापासून चालू. “काय पाटील, आमचं पाणी गोड लागतंय का?” तो कॅन तिथंच ठेवून गेला. पुढं त्याचा पोरगा दूध घालायला यायला लागला.

आठवड्यानं सकाळी बघतो तर नकाशावर डांबर फासलेलं. कुणी फासलं ते आजवर माहीत नाही आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. त्या वैशाखात थोरल्या लेकीचा साखरपुडा झाला, भाऊ आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. उंबऱ्यातच म्हणाला, “दादा, तू चित्र नाही काढलंस. माझी बदनामी टांगलीस भिंतीवर.”

मी म्हणलं, “ठिपके खरे आहेत.”

“खरे असतील. पण त्या तिघांतल्या दोघांच्या वावरातही बोअर आहेत. त्यांनी सांगितले नाहीत, म्हणून तू काढले नाहीत. मी खरं सांगितलं, म्हणून मी चोर झालो.”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच तसं झालं होतं. मी बोअरची माहिती तोंडी विचारून लिहिलेली. ज्यानं प्रामाणिकपणे सांगितलं तो भिंतीवर, ज्यानं लपवलं तो भिंतीपुढं उभा राहून हसणार. आणि दुसरं असं की त्या लंडनच्या हापशाला ना नाव होतं, ना घर, ना साखरपुडा. दांडा काढला तरी हापशाला राग येत नाही. माणसाचं तसं नसतं.

ते डांबर मी दोन महिने तसंच ठेवलं. मग गुरुजी आणि मी मिळून सगळं परत केलं. नावं काढली. १४ च्या तीन विहिरी केल्या, ओढ्याकाठची, मधल्या पट्टीची आणि माळाची. दर पट्टीतल्या चार-पाच विहिरींची पातळी बघून मधली घेतो. आपापल्या विहिरीचा हिशेब ज्याचा त्यानं ठेवायचा. ज्याला हवं त्याला गाठीची दोरी आम्ही देतो, त्यानं विहिरीच्या आतल्या बाजूला रंगानं परस मारून घ्यायचे. गावाचं गावाला दाखवायचं, घरातलं घरात ठेवायचं.

या सगळ्यात एक चित्र मात्र असं निघालं की ते गावाच्या तोंडी बसलं. तेवढं नीट सांगतो, तुम्हाला करता येईल.

पाण्याचा ताळेबंद ही काही माझी कल्पना नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावात पावसाळा संपला की किती पाऊस पडला आणि त्यावर काय पिकवायचं याचा हिशेब ग्रामसभेपुढं मांडतात. तिथं शेतीसाठी बोअर नाही आणि उसासारखं पीक नाही, हे गावानंच ठरवलेलं. मी बघून आलो. पण आमच्या गावात ताळेबंद सांगायला गेलो की घोडं अडायचं आकड्यांवर. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर साधारण ४ हजार लिटर पाणी होतं, म्हणजे २०० लिटरचे २० बॅरल. इथवर लोक ऐकायचे. गाव मोठं झालं की आकडा कोटी लिटरात जायचा आणि लोक जांभई द्यायचे. कोटी कुणी बघितलाय?

मग गुरुजींनी डोकं चालवलं. म्हणाले, लिटर सोडून दे, पाण्याची उंची धर. पाऊस आपण उंचीतच मोजतो, पिकाचं पाणीही उंचीत मोजता येतं. मग ती उंची माणसाच्या अंगावर दाखवू.

भिंतीवर एक उभा माणूस काढला, खऱ्या उंचीचा. आमचा साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. तिथं निळी रेघ. हरभऱ्याला लागतं साधारण एक वीत पाणी. ज्वारीला दीड वीत. गहू पोटरीच्या वर. कांदा गुडघ्याच्या आसपास. आणि ऊस? पाटपाण्यानं भिजवला तर दोन हजार मिलिमीटरच्या पुढं, म्हणजे माणूस बुडून वर वीतभर पाणी. ऊस वर्षभर आणि आडसाली तर दीड वर्ष रानात असतो, हेही शेजारी लिहिलं. नाहीतर ऊसवाल्यावर अन्याय होतो. ठिबकनं हा आकडा बराच खाली येतो, तेही लिहिलं.

पण खरी गोम शेवटच्या रेघेत आहे. गुडघ्याएवढा पाऊस पडतो, त्यातला बराचसा उडून जातो, पीक पितं, ओढ्यानं वाहून जातो. आमच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात जमिनीत मुरतं ते शंभरातलं साधारण दहा, खडक जसा असेल तसं कमी-जास्त. साडेपाचशेतलं दहावं म्हणजे ५५ मिलिमीटर. म्हणजे तीन बोटं.

ती तीन बोटं त्या माणसाच्या पावलाजवळ काढली. वर्षाकाठी विहिरीला मिळणारी कमाई तीन बोटं, आणि उसाचा खर्च डोक्यावरून. पहिल्या दिवशी एक आजी दुधाची किटली घेऊन भिंतीपुढं उभी राहिली. आधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावला, मग वाकून तीन बोटं जमिनीवर टेकवली. म्हणाली, “एवढंच?” तिला मिलिमीटर सांगावा लागला नाही, ताळेबंद हा शब्दही सांगावा लागला नाही. आता बायका भांडणातसुद्धा म्हणतात, तीन बोटाची कमाई आणि डोक्यावरून खर्च. चित्र भिंतीवरून भाषेत उतरलं, त्या दिवशी मला आमच्या बोअरचे पैसे थोडेफार वसूल झाल्यासारखे वाटले.

याचा उपयोग काय झाला? फुगवून सांगत नाही. २०२३ ला ऑगस्ट कोरडा गेला. दिवाळीआधीच्या अमावस्येला मधल्या पट्टीची विहीर तीन परसावर होती, पांढऱ्या रेघेच्या बरीच खाली. तेव्हा बऱ्याच जणांनी कांदा कमी केला, ज्वारी-हरभरा धरला. सगळ्यांनी नाही. काहींनी तरी लावला आणि पोळले, एक-दोघांना भाव लागून फायदाही झाला. मी एक एकर हरभरा आणि दहा गुंठे कांदा केला. मार्चपर्यंत पाणी पुरलं. बोअरची गाडी मात्र त्या साली आमच्या पट्टीत दोनदाच आली. २०१८ ला रांग लागली होती.

आणि चित्राची मर्यादाही सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भागात पावसानं थैमान घातलं. भिंतीवर निळ्या पट्ट्या काठापर्यंत होत्या आणि वावरात सोयाबीन पाण्यात सडत होतं. एक जण रागानं म्हणाला, “काढा ती निळी विहीर, डोळ्याला खुपती.” एक चित्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. कमी पाण्याचं चित्र जास्त पाण्याच्या साली गप्प बसतं. सगळ्याचं उत्तर देणारं चित्र काढायला गेलो असतो तर कशाचंच मिळालं नसतं.

साहेब मंडळींना हात जोडून थोडं सांगतो.

तुमचा आकडा आमच्या मापात आणा. माती परीक्षणाच्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासलेल्या असतात आणि खताची मात्रा किलो-हेक्टरात. आम्ही एकर-गुंठ्यात आणि गोणीत विचार करतो. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे एकरी ४० किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. ‘दोन गोण्या’ असं लिहून दोन गोण्यांचं चित्र काढलं की काम झालं.

चित्र कामाच्या जागी द्या. भातवाल्यांकडं पानाचा रंग बघायची पट्टी असते, हिरव्या रंगाच्या चार-सहा छटांची. वावरात उभं राहून पान पट्टीला लावायचं, रंग फिका असेल तर नत्र द्यायचं, गडद असेल तर थांबायचं. वाचता न येणाऱ्यालाही जमतं. आकडा प्रयोगशाळेत, निर्णय बांधावर. मधलं अंतर त्या पट्टीनं मिटवलं.

आणि फलक छापायच्या आधी गावातल्या तीन माणसांना दाखवा. एक म्हातारी, एक शाळकरी पोर आणि एक माझ्यासारखा, ज्याला सगळं कळतं असं वाटतं. “कळलं का?” असं विचारू नका, आम्ही हो म्हणणार. लाज वाटते. “यात काय दिसतंय ते मला सांगा,” असं विचारा. २०१८ ला त्या फलकापुढं कुणी मला एवढं विचारलं असतं, तर मी ठणकावून सांगितलं असतं की पाणी वाढतंय. आणि ऐकणारा दचकला असता.

शेवटचं. गेल्या माघ अमावस्येला पहाटे फोन वाजला. भावाचा. किती तरी दिवसांनी. म्हणाला, “दादा, तुझी ती गाठीची दोरी मोकळी आहे का?” मी दोरी घेऊन गेलो. त्यानं विहिरीच्या आतून परस मारून ठेवलेले होते, पांढऱ्या रंगानं, माझ्यापेक्षा सरळ. दोघांनी मिळून मोजलं, साडेचार परस. ऊस त्यानं मोडला असं मी सांगणार नाही, त्याचं रान, त्याची मर्जी. खोडवा ठेवला नाही आणि नव्या लागणीला ठिबक केलं, एवढं मला दिसलं. चहा झाला. भिंतीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. निघताना वहिनीनं लेकीची चौकशी केली.

पाटल्या अजून बँकेतच आहेत. यंदा हरभऱ्याला भाव मिळाला तर सोडवीन म्हणतो.

तुमच्या गावात पाण्याचा, पावसाचा, बाजारभावाचा हिशेब कसा मांडतात ते खाली लिहा, फोटो असेल तर टाका. आमच्या भिंतीत काही चुकत असेल तर तेही सांगा. खिळे आहेत, पट्ट्या आहेत, बदलायला वेळ लागत नाही.

राम राम.